एका वर्षाचं पाऊल

जुनी शुक्रवारीच्या आमच्या शाळेत
चौथीत अठ्ठावीस पोरं
आणि इतिहासाचा तास शनिवारी सकाळी,
समोरच्या ठेल्यावरचा तर्री-पोह्याचा वास
खिडकीतून आत येऊन बसतो तेव्हा.

"तीनशे वर्षांपूर्वी," मी म्हणालो.
रितिक निनावेनं विचारलं,
"म्हणजे मागच्या दिवाळीच्या आधी का जी?"
कोणी हसलं नाही.
सगळ्यांचा तोच अंदाज होता.

मग ठरलं, एक वर्ष म्हणजे एक पाऊल.
पण कोणाचं?
माझं वर्ष लांब पडत होतं, त्यांचं आखूड.
(खरं तर उलट असतं. ते मी सांगितलं नाही.)
शेवटी पलक सोनकुसरेचं घेतलं,
ती रांग मोडत नाही म्हणून.
दीड फूट भरलं. तेवढी सुतळी कापली.

फळ्याखाली खडूची रेघ: आज.
तिथून निघालो उलटे, पाठीकडून,
सुतळी टाकत, खडूनं खुणा करत.
नवव्या खुणेला, दाराशी, अख्खा वर्ग जन्मला.
व्हरांड्याच्या मध्यावर शर्विल हेडाऊ थांबला,
त्याच्या आबाची मिल तिथं बंद पडली होती;
त्यानं तोंडानं भोंगा वाजवला
इतका लांब की दुसरीच्या बाई बाहेर आल्या.
त्रेपन्नाव्या खुणेला मी,
पाण्याच्या टाकीजवळ, गळक्या नळाखाली.
"सर, तुम्ही टाकीत जन्मले काय?"
"हौ," म्हटलं, "चला पुढं."
म्हणजे मागं.

फाटकाबाहेर, पंक्चरवाल्याच्या पंपापाशी
देश स्वतंत्र झाला.
त्यानं स्टूल जरा सरकवून घेतलं.
इंग्रज लई लांब पुरले,
झेरॉक्सचं दुकान गेलं, सलून गेलं, पिठाची गिरणी गेली,
तरी ते आपले आहेतच.
"काहून इतके दिवस राहिले जी?"
या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात चार मुद्दे आहेत.
मला त्यातला एकही आठवला नाही,
मागून ई-रिक्षा हॉर्न देत होती.

भोसले संपले, सुतळी भिजली, गल्ली संपली.
नाग नदीची भिंत.
खाली काळं पाणी, एक डुक्कर, प्लास्टिकची खुर्ची.
"इथं गोंड राजानं गाव वसवलं," मी म्हणालो.
हिमानी उईके पुढं झाली,
रिबीन नीट केली,
आणि त्या शेवटच्या खुणेवर
दोन्ही पाय जुळवून उभी राहिली.
पुस्तकात त्याला दीड ओळ आहे.

मोजलं तर सत्तावीस.
पुन्हा मोजलं, सत्तावीस.
तीनशेच्या वर वर्षं आम्ही अर्ध्या मिनिटात पळत आलो,
सलून, पंप, टाकी,
कोणत्या खुणेवर कोणाचा पाय पडतोय ते न बघता.

पलक वर्गातच होती.
चौथ्या खुणेपासून नवव्यापर्यंत जायची,
वळायची,
नवव्यापासून चौथ्यापर्यंत यायची.
"इथं बाबा आहेत, सर," ती म्हणाली.
"ह्या पाच पावलांत."
तिचा आवाज हजेरी देतात तसा होता.

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही.
पोरं दारात उभी होती, धापा टाकत,
खुणा ओलांडून आत कोणी आलं नाही.
घंटा झाली. दप्तरं मी बाहेर नेऊन दिली.

संध्याकाळी शेवंताबाई बादली घेऊन आल्या,
"हे सगळं पुसू काय?"
"पुसा," म्हणालो.
पुसायला पाहिजेच, सोमवारी तपासणी होती.

पलक आता पाचवीत, शेजारच्या इमारतीत.
तिचं पाऊल मोठं झालं असेल.
सुतळी माझ्या ड्रॉवरमध्ये आहे,
हजेरीपुस्तकाखाली, एका टोकाला जरा उसवलेली.
नव्या चौथीला मी अजून
त्याच मापाचं वर्ष शिकवतो.